दर दीड वर्षाने नोकरी बदलतोय, चुकतंय का माझं?

नौपाड्यात माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला एक मुलगा आईला घेऊन आला, वय 28, ऐरोलीला आयटीत टेस्टिंगला (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). पाच वर्षांत चार कंपन्या झाल्या आणि आता महापेची पाचवी ऑफर हातात. आई बसल्या बसल्या म्हणाल्या, मॅडम ह्याचे बाबा वागळे इस्टेटला एकाच कंपनीत 27 वर्षं होते, हा दीड वर्षं टिकत नाही, उद्या कोण उभं करेल ह्याला? मी विचारलं, ती कंपनी आहे का अजून? त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, नाही, बंद पडली, हिशोबासाठी पण किती फेऱ्या मारल्या ह्यांनी.

मुलगा हळूच म्हणाला, आई, एका जागी राहिलो की सात-आठ टक्के मिळतात गं, बदललं की तीस. खोटं नाही बोलत तो, रोज ऐकते मी हे.

त्याला कागद दिला, म्हटलं कंपन्या लिही आणि प्रत्येकीपुढे तिथे तू कुठलं काम शेवटपर्यंत नेलंस ते लिही. पगार त्याने मी न विचारताच लिहिले, सव्वातीन लाख, पाच, सात, नऊ. पहिल्या कंपनीपुढे चार ओळी भरभर आल्या आणि तिसरीपुढे पेन नुसतं टेकवून बसला, म्हणाला, रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर तयार होऊन बाहेर जायच्या, आधीच निघालो ना. मला काळजी वाटली ती ह्याची, कंपन्या चार झाल्या ह्याची नाही, कारण इंटरव्ह्यूला समोरचा नेमकं हेच खोदून विचारतो.

मग ऑफर लेटर वाचलं. 12 लाखांच्या सीटीसीत (कंपनीचा माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च) व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग, आलं आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही धरलेली, जी पर्मनंट माणसाला साधारण सलग 5 वर्षं झाल्यावरच मिळते, म्हणजे दीड वर्षात सोडणाऱ्यासाठी ती रक्कम कागदावरच, आणि जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत निघालं तर परत करायचा. हे त्याने वाचलंच नव्हतं. जुन्या दोन कंपन्यांचा पीएफ पण तसाच पडलेला, तो काढून बाईकचं लोन फेडायचं म्हणत होता. कळकळीने सांगितलं, काढू नकोस रे, ट्रान्सफर कर, मागची वर्षं जोडली जातात, 5 वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागू शकतो आणि पेन्शनला 10 वर्षांची सर्व्हिस लागते.

परवा फोन आला, आताच्या प्रोजेक्टचं रिलीज होईपर्यंत थांबतोय, ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकलीये. मागून आई विचारत होत्या, तो कागद कुठे ठेवलास रे?