वाचकांचे प्रश्न : नव्या छोट्या पिस्तुलाची रेंजवरील चाचणी

प्रश्न : मी सातारा तालुक्यातील निवृत्त सुभेदार आहे. माझ्याकडील .३२ बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर रीतसर विकून मी परवान्यावर त्याच बोअरचे नवे, आखूड नळीचे पिस्तूल घेतले. गोळीबाराच्या रेंजवर ते प्रथम चालवले तेव्हा १० मीटरवरून बहुतेक गोळ्या मध्याच्या खाली आणि डावीकडे लागल्या, दोनदा काडतूस मॅगझिनमध्येच (काडतुसांच्या पेटीतच) अडकले आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलली गेली. मी उजव्या हाताने नेम धरतो. नेम धरण्याची मागची साईट सरकवून घ्यावी, की पिस्तूल दुकानदाराला परत करावे?

उत्तर : सुभेदारसाहेब, तूर्त यांपैकी काहीही करू नये. आपल्या तीन तक्रारींपैकी एकीचे मूळ रिव्हॉल्व्हरच्या सवयीत, दुसरीचे काडतुसाच्या घडणीत आणि तिसरीचे बहुधा चापावरच्या बोटात आहे. पिस्तुलात खरोखरच दोष असेल, तर तो या तिन्ही गोष्टी बाजूला केल्यावरच दिसेल.

अंगठ्याचे आधी सांगतो, कारण ती जखम पुन्हा होऊ देणे धोक्याचे आहे. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरताना पुष्कळ जण डावा अंगठा उजव्या हाताच्या पाठीवरून, घोड्याच्या (मागच्या हातोडीच्या) मागे आडवा ठेवतात. तेथे अंगठ्यावर आदळणारा भाग नसल्याने ते खपून जाते. पिस्तुलात मात्र प्रत्येक गोळीनंतर स्लाईड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, वेगाने मागे येते आणि वाटेत आलेल्या कातडीला सोडत नाही. दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, स्लाईडच्या खाली, नळीच्या दिशेने सरळ ठेवावेत. ही पकड रिकाम्या पिस्तुलावर घरी अंगवळणी पाडावी, मगच रेंजवर जावे.

काडतूस अडकण्याचे कारण .३२ च्या घडणीत आहे. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आखलेल्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाईडने कितीही ढकलले तरी ते पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहील, असे एकेक करून भरावे. घाईघाईने भरलेले मॅगझिन हेच अशा अडथळ्याचे नेहमीचे कारण असते. तरीही काडतूस अडकले, तर मॅगझिनांवर खुणा करून ठेवाव्यात. प्रत्येक वेळी एकच मॅगझिन त्रास देत असेल, तर त्याचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा दुकानदाराकडे जाणे योग्य ठरेल. या वर्गातील बहुतेक पिस्तुलांत स्लाईडला केवळ तिचे वजन आणि स्प्रिंग रोखून धरत असल्यामुळे मनगट ढिले राहिले तरी रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता नेमाविषयी. सैन्यात रायफल चालवलेल्या माणसाला छोटे पिस्तूल सोपे वाटते आणि तेथेच फसगत होते, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या साईटची माशी आणि मागच्या साईटची खाच यांतील अंतर १०० मिलिमीटर असेल आणि त्यांच्या जुळणीत १ मिलिमीटरचा फरक पडला, तर १० मीटरवर गोळी १०० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहून अधिक, बाजूला जाते. हेच अंतर रायफलीवर ५०० मिलिमीटर धरले, तर तेवढ्याच चुकीने गोळी केवळ २० मिलिमीटर हलते. त्यातच वजनाचा प्रश्न येतो. २५ मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि त्याच्या चापाचा दाब किमान १००० ग्रॅम असावा लागतो. खिशात मावणारे पिस्तूल याच्या निम्म्या वजनाचे असते, तर घोडा न चढवता ओढलेल्या पहिल्या चापाला चार-पाच किलोपर्यंत जोर लागू शकतो. एवढ्या हलक्या वस्तूवर एवढा जोर एका बोटाने लावताना बाकीची बोटेही आवळली जातात, धक्क्याच्या अपेक्षेने मनगट खाली झुकते, आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी नेमकी खाली व डावीकडे जाते. आपल्या लक्ष्यावर हेच चित्र उमटलेले आहे.

याची खात्री करून घेण्याचा उत्तम मार्ग नकली, म्हणजे बारूद नसलेल्या, काडतुसांचा आहे. रेंजवरील प्रशिक्षकांना दोन-तीन नकली काडतुसे खऱ्यांत मिसळून मॅगझिन भरायला सांगावे. कोणते कोठे आहे, हे आपल्याला कळू नये. नकली काडतुसावर चाप ओढताना नळीचे तोंड खाली बुडाले, तर दोष हाताचा आहे आणि तो सरावाने जातो. त्यानंतर वाळूच्या पिशवीवर दोन्ही मनगटे टेकून, ७ मीटरवरून सावकाश पाच गोळ्या चालवाव्यात. त्या एकमेकींजवळ आणि मध्याजवळ पडल्या, तर साईटला हात लावण्याची गरज नाही. एकमेकींजवळ पडूनही सर्व एकाच बाजूला गेल्या, तरच परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराला साईट दाखवावी. लक्ष्य गाठण्याआधी गोळ्या एकत्र पडणे महत्त्वाचे आहे.

नव्या पिस्तुलात पहिल्याच वेळी मॅगझिन पूर्ण भरू नये. एक काडतूस, मग दोन, असे वाढवावे. एका चापाला दोन गोळ्या सुटण्याचा दोष असेल, तर तो अशा वेळी कमीत कमी धोक्यात उघड होतो. त्याआधी साठवणुकीचे वंगण नळीतून पूर्ण पुसून काढावे. चाप ओढल्यावर नुसता खट् असा आवाज आला, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत चालवू नये. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर दुसरी आदळली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करावी. जुन्या, दमट कपाटात राहिलेल्या काडतुसांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

आणखी तीन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि कानाची झालेली हानी भरून येत नाही, म्हणून छताखालच्या रेंजवर कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, असे दोन्ही वापरावे. गोळीबारात शिशाचे कण हातांवर व कपड्यांवर बसतात. हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नये. पावसाळ्यात जावळी-पाटणकडच्या हवेत पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवले, तर चामड्यातील ओलाव्याने गंज चढतो. ते तेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर, कुलपात ठेवावे.

प्रश्न : आमचा गलाईचा (सोने-चांदी गाळण्याचा) व्यवसाय असून पतींच्या नावे पिस्तुलाचा परवाना आहे. ते बहुतेक वेळ परराज्यात असतात. त्यांचे नवे छोटे पिस्तूल मी रेंजवर चालवून शिकू शकते का? (विटा, जि. सांगली)

उत्तर : ताई, शिकण्याची आपली इच्छा योग्य आहे, परंतु पतींच्या पिस्तुलावर शिकता येणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवाना नसलेली व्यक्ती परवानाधारकाचे शस्त्र त्याच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी अथवा त्याच्याच वापरासाठी नेऊ शकते. स्वतः चालवण्याची मुभा त्यात नाही. आपण मान्यताप्राप्त रायफल क्लबात नाव नोंदवावे आणि तेथील शस्त्रांवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकावे. सुरुवात .१७७ बोअरच्या, हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या एअर पिस्तुलावर करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यात धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे वर सांगितलेली मनगट झुकवण्याची खोड लागतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील हे उदाहरण डोळ्यांसमोर असू द्यावे.

प्रश्न : जवळ रेंज नसल्याने नवे पिस्तूल स्वतःच्या उसाच्या शेतात, बांधाकडे तोंड करून चालवून पाहिले तर चालेल का? (ता. वाळवा)

उत्तर : चालणार नाही. .३२ ची गोळी कित्येकशे मीटर जाते, काळ्या दगडावर आपटून कोठेही वळते, आणि उसात तोडणीची माणसे, मुले किंवा जनावरे आहेत की नाहीत हे बांधावरून दिसत नाही. इतरांच्या जीविताला धोका होईल अशा बेफिकीर गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. १० मीटरच्या एअर पिस्तूल सभागृहातही हे पिस्तूल चालवता येत नाही, कारण तेथील मागची भिंत अशा गोळीसाठी बांधलेली नसते. म्हणून २५ मीटरची, काडतुसाच्या शस्त्रांना परवानगी असलेली रेंज शोधावी, तेथे आपला बोअर चालतो का हे आधी विचारावे, आपल्या परवान्याचे क्षेत्र त्या जिल्ह्यापर्यंत आहे का ते पाहावे, आणि जाताना पिस्तूल रिकामे, काडतुसे वेगळी व मूळ परवाना सोबत ठेवावा.