दोन जुन्या गोष्टींची जोड आणि पेटंट

प्रश्न : आमचं फायबरच्या होड्यांचं वर्कशॉप आहे. ५ टक्के कॉस्टिकच्या पाण्यातून काढलेला काथ्या मधे, दोन्ही बाजूंना काचतंतूची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, अशा पॅनेलसाठी पेटंटचा अर्ज केला. परीक्षण अहवालात दोन जुने कागद दाखवलेत : एकात कॉस्टिक लावलेला काथ्या रेझिनमध्ये, दुसऱ्यात मॅटचं होडीचं पॅनेल. आमचं पॅनेल दोन्हींत नाही, मग हरकत कसली? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘दोन्हींत नाही’ हे नावीन्याच्या हरकतीला उत्तर झालं. तुमची हरकत वेगळी आहे : या कामातल्या जाणकाराने दोन्ही कागद वाचून ही जोड सहज केली असती. त्याने ती का केली नसती, किंवा केली तरी असा गुण त्याला अपेक्षित का नव्हता, हे दाखवावं लागेल.

आधी दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचा. नुसता सारांश नको. काथ्या पाणी पितो म्हणून तो होडीत नको, असं दुसऱ्यात कुठे लिहिलेलं सापडलं तर ते वाक्य सोन्याचं. अमेरिकेत १९६६ साली ॲडम्स या संशोधकाच्या बॅटरीचं पेटंट अशाच मुद्द्यावर तगलं. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड दोन्ही जुनी, पण जुनी माहिती त्या वाटेने जाऊ नका असंच सांगत होती. आपल्याकडे १९७८ साली भांडी घासून चकचकीत करण्याच्या यंत्राचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं, कारण बदल कारागिराच्या हातचा होता.

मग चाचणी. चार पॅनेल करा : नुसता काथ्या, नुसती मॅट, कॉस्टिक न लावलेला काथ्या आणि मॅट, आणि तुमचं. रेझिन, हार्डनर, जाडी, तंतूंचं वजन सगळ्यांत सारखं. ताणाच्या चाचणीला प्रत्येकी किमान पाच पट्ट्या. तुमच्या पॅनेलचा आकडा पहिल्या दोघांच्या प्रमाणशीर सरासरीइतकाच निघाला, तर पेटंट कायद्याच्या कलम ३(ई)ची ‘नुसतं मिश्रण’ ही हरकतही डोक्यावर बसते.

पट्ट्या खाऱ्या पाण्यात भिजवून पाहताना नेहमी घोटाळा होतो तो कडांचा. पट्टी कापली की काथ्याची टोकं उघडी पडतात आणि खारं पाणी तिथूनच आत शिरतं. कडा रेझिनने बंद केल्याशिवाय भिजवलेल्या पट्ट्यांचं वजन तुलनेला निरुपयोगी. शिवाय कॉस्टिक धुऊन काढून काथ्या नीट वाळवला नाही, तर रेझिन धरत नाही आणि दोष तुमच्या जोडीवर जातो.

दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते वाक्य, आवळायचा असेल, तर अर्जासोबतच्या मूळ तपशिलात लिहिलेलंच घेता येतं. थरांचा क्रम किंवा काथ्या कॉस्टिकमध्ये भिजवण्याचे तास तिथे नसतील, तर आता घुसवता येणार नाहीत. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात. खाऱ्या पाण्यात भिजवण्याच्या चाचणीलाच त्यातले बरेच जातात, तेव्हा पट्ट्या या आठवड्यातच कापा.

प्रश्न : अर्जाआधी एक होडी मालवणात विकली होती. चालेल?

उत्तर : अवघड आहे. कलम ३२ ची सवलत अर्जाआधीच्या वर्षभरात, लोकांसमोर करावाच लागणाऱ्या वाजवी प्रयोगापुरती. विक्रीला प्रयोग म्हणता येत नाही. बिल आणि तारखा घेऊन वकिलाला आधी दाखवा, मग उत्तर लिहा.