"माझीच मुलगी आहे ना, मग सर्व्हेत काय लिहिलंय ते मला का नाही दाखवत?"

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न दरवर्षी येतो, कधी आई विचारते, कधी बाबा चिडून विचारतात, आणि खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नाहीये. एकाच केसवरून सांगते. ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

मुलगी नववीतली. शाळेने बाहेरच्या एका कंपनीकडून इमोशनल वेलबीइंगचा सर्व्हे करून घेतला होता, शाळेच्या मेल आयडीने लॉगिन करायचं, चाळीसेक वाक्यं आणि प्रत्येकापुढे नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही असे पाच गोल. वरती ठळक अक्षरात 'तुमचं नाव कुणालाही कळणार नाही' आणि लगेच खाली इयत्ता, तुकडी, रोल नंबर. आता रोल नंबर लिहून घेतल्यावर नाव लपणार कसं, तुम्हीच सांगा.

पुढे ओपन हाऊसच्या दिवशी क्लासटीचर गणिताचा पेपर दाखवता दाखवता सहज बोलून गेल्या, "सर्व्हेत तिचं काहीतरी आलंय हं, जरा लक्ष द्या." एवढंच. काय आलंय ते नाही, कुणाला भेटा तेही नाही, आणि असं अर्धवट ऐकल्यावर कुठल्या आईला झोप लागेल? तिने घरी जाऊन मुलीचा फोन काढून घेतला, चॅट वाचले, रात्री उशिरापर्यंत "आमच्याबद्दल काय लिहिलंस ते सांग" म्हणून उलटतपासणी, मुलगी तोंडातून एक शब्द काढेना. दुसऱ्या दिवशी आई माझ्यासमोर. "मॅडम, प्रिंटआउट द्या. मी आई आहे तिची."

अशा वेळी नियम वगैरे नंतर. मी आधी सांगितलं, "ताई, जिवाला धोका असेल असं त्यात काहीही नाही, तसं असतं तर शाळेने नाही, मी स्वतः त्याच दिवशी तुम्हाला फोन केला असता." त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मगच पुढचं बोलणं शक्य झालं.

तुम्हाला अधिकारच नाही असं मी कुठल्याच पालकाला म्हणत नाही, कारण ते खरं नाहीये. १८ च्या आतल्या मुलाच्या बाबतीत कायदा पालकांना बाजूला काढत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांसाठी पालकच मुलाचे प्रतिनिधी असतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर मुलांची माहिती गोळा करायला पालकांचीच परवानगी लागते असं म्हटलंय. या ताईंनीही ती परवानगी दिली होती बरं का. जूनमध्ये शाळेच्या ॲपवर फीचं, पिकनिकचं, युनिफॉर्मचं सर्क्युलर आलं त्यातच हेही होतं, त्यांनी ओके दाबलं. वाचलं होतं का? "कोण वाचतं हो मॅडम, दिवसाला दहा येतात."

मग मी त्यांना काय काय मिळू शकतं ते सांगितलं. सगळे प्रश्न मिळतील, कोरा फॉर्म घरी घेऊन जा. उत्तरं कोण बघतं, मुलीला मदतीची गरज आहे असं वाटतंय का, हेही मिळेल. आणि तीन गोष्टी मी लपवत नाही, हे मुलांनाही पहिल्याच भेटीत सांगते: ती स्वतःला इजा करून घ्यायचा विचार करत असेल, कुणी तिला त्रास देत असेल, किंवा ती दुसऱ्या कुणाला इजा करेल असं दिसलं तर मी मोठ्यांना सांगणार. लैंगिक छळाचं काही असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, तिथे शाळेचं नाव खराब होईल वगैरे चालत नाही. पण चाळीस वाक्यांपुढचे चाळीस गोल काढून हातात देणार नाही, कारण ते दिले की मुलीला कायमचं कळतं की खरं लिहायचं नसतं.

दिवाळीनंतर सर्व्हेचा दुसरा भाग झाला तेव्हा तेच झालं. ओपन हाऊसची गोष्ट वर्गात पसरली होती. हिने सगळीकडे 'नेहमी'वर टिक केलेली, सरळ रेषेत. 'मला शाळेत यायला आवडतं', नेहमी. 'मला खूप एकटं वाटतं', तेही नेहमी. न वाचता टिक करत सुटलेली, आणि अशी ती एकटी नव्हती, त्या तुकडीचे बरेच फॉर्म तसेच. एवढे पैसे देऊन केलेला सर्व्हे शून्य झाला एका अर्धवट वाक्याने. (रिपोर्टमध्ये मात्र रंगीत ग्राफ आले, ते प्रिन्सिपलांच्या टेबलावर आहेत.)

पण त्याआधी मुलीशी बोलणं झालं होतं. मी तिला विचारलं, आईला यातलं काय सांगू आणि काय नको, तूच ठरव. बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत बसली. मग म्हणाली, "मॅम, आईला काहीपण सांगितलं की संध्याकाळपर्यंत मावशीला, आजीला, काकूला माहीत असतं." सातवीत पहिल्यांदा पाळी आली ते तिने फक्त आईला सांगितलं होतं, आणि गणपतीत गावी गेल्यावर सगळ्या जणी दारातच "मोठी झालीस गं" करत होत्या, चुलतभावासमोर. 'मनातलं घरी सांगता येतं' या वाक्यापुढे 'कधीच नाही' आलं होतं ते यामुळे. घरात मारहाण नाही, भांडण नाही, प्रेमाचं घर आहे. सांगितलेलं घरात राहत नाही एवढंच.

तिच्या परवानगीने तिघी बसलो. आईला राग आला आधी, "अगं, आजीला सांगायचंच असतं ना, त्यात काय लपवायचं!" मुलगी रडली, आईही रडली, त्या दिवशी तिथेच थांबलो. पुढच्या दोन-तीन भेटींत एक ठरलं की सांगायच्या आधी मुलगी म्हणणार "हे फक्त तुला" आणि आईने ते पाळायचं. एकदा मोडलं, मावशीकडेच. मुलीने येऊन तक्रार केली, मला तर ते बरंच वाटलं, निदान तक्रार करावीशी वाटली.

शाळेला मी सांगितलं की दोनपैकी एक करा. वर्गाचं एकूण चित्र हवं असेल तर रोल नंबर आणि लॉगिन दोन्ही काढा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांचा सर्व्हे केला तेव्हा नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं, म्हणजे जमतं. आणि एकेका मुलाला मदत द्यायची असेल तर नाव घ्या, पण मग मुलांना आधीच स्पष्ट सांगा की समुपदेशक हे वाचणार आणि क्लासटीचर वाचणार नाहीत. निनावी म्हणायचं आणि रोल नंबरवरून शोधायचं, ही मला फसवणूकच वाटते. आणि तुमच्या मुलाने कधी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर सर्व्हेच्या रिपोर्टची वाट बघू नका, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, १०९८ ही खास मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

या जूनमध्ये सर्क्युलर आलं तेव्हा ताईंनी ओके दाबायच्या आधी शाळेला मेल टाकला, प्रश्न कोणते, उत्तरं कोण वाचणार, नाव असणार का, आम्हाला कधी कळवणार आणि कंपनी ही माहिती किती दिवस ठेवणार. पहिल्या चारांची उत्तरं आली. पाचव्याचं अजून नाही, आता मीही शाळेच्या मागे लागलेय.