कोबीच्या पानाची बशी घेण्याआधी

कोबीच्या पानांच्या आकाराची हिरवी, भाजक्या मातीची भांडी जमवायची असतील तर सुरुवात एका पानाच्या बशीने करा. झाकणाचं सूपदान दिसायला झकास असतं, पण झाकणाच्या कडेचा टवका हमखास उडालेला असतो आणि नवख्या डोळ्याला तो दिसत नाही.

या कोबीच्या भांड्यांचं माहेर म्हणजे पोर्तुगालमधलं काल्दास दा राइन्या. व्यंगचित्रकार राफाएल बोर्दालो पिन्येइरो यांनी १८८४ मध्ये तिथे कारखाना काढला, तो आजही चालू आहे.

जुना तुकडा हातात आला की आधी टिचकी मारा, आजी माठ घेताना मारायची तशीच. ही भाजकी माती आहे, पोर्सेलिनसारखी किणकिणणार नाही. पण बद्द वाजली तर चीर आहे समजा. मग पानाच्या शिरा बघा. चांगल्या कामात झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, खोलगट भागात साचून गडद हिरवी होते आणि शिरेच्या उंचवट्यावर पातळ, फिकट राहते. सगळीकडे एकच सपाट हिरवा असेल तर मी तरी खाली ठेवते.

झिलईला बारीक तड्यांची जाळी पडली असेल तर पाण्यात भिजत घालू नका. मी एकदा रात्रभर ठेवली. सकाळी पानाखाली चहासारखा डाग उमटला होता, अजून गेलेला नाही.

आणि जुन्या भांड्यात लिंबू, चिंच, लोणचं अजिबात नको. जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते सुटतं. भिंतीवर लावा, फार तर सालासकट केळी ठेवा.