सवाईला जायचंय, पण गाणं कळत नाही

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चौघं दोस्त, उद्यमबागेत कामाला आहोत. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाऊया म्हणून ग्रुपवर चर्चा चाललीय. माझे वडील भजनाला पेटी धरायचे त्यामुळं मला लहानपणापासून गाण्याचा नाद, एक दोस्त तबल्याचा शौकीन. बाकीचे दोघं म्हणतात राग-बिग आम्हाला काय कळत नाही, तासन् तास आ-ऊ ऐकायला तिकीट काढून एवढ्या लांब कशाला, त्यापेक्षा गोव्याला जाऊ की. त्यांना ओढून न्यावं की आम्ही दोघंच जावं? आणि वीकेंडात हे सगळं बसतंय का?
(एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: चौघंही जा. गोवा आपल्याला चोर्ला घाट उतरला की आहेच, कधीही जाता येतं, सवाई वर्षातून एकदा असतो.

आणि त्या दोघांना आधी हे सांगा की हा महोत्सव पुण्यात होत असला तरी त्याचं मूळ आपल्या बाजूचं आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळचे, घरची भाषा कन्नड आणि नाव गाजलं मराठी रंगभूमीवर. त्यांच्याकडं शिकायला 1936 साली भीमसेन जोशी गेले, ते गदगचे. गुरू 1952 ला गेले आणि 1953 पासून भीमसेनजींनी त्यांच्या नावानं पुण्यात हा महोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल याच गुरूंच्या शिष्या. म्हणजे बेळगावच्या माणसानं तिथं जाताना आपण परक्या मोठ्या शहरातल्या जाणकार लोकांच्यात चाललोय असं मनात आणायचं काही कारणच नाही. आपल्याकडं घराघरात दोन्ही भाषा चालतात, तशाच या लोकांच्या गाण्यातही चालल्या, भीमसेनजींनी दासरपदं म्हणजे कन्नड भक्तिपदंही गायली आणि अभंगही, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्ही डोक्यावर घेतली.

आता 'कळत नाही' याबद्दल. मला हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं कारण त्या एका वाक्यापायी किती माणसं या गाण्यापासून लांब राहिलीत. रागाचं नाव ओळखता आलं नाही तरी काही बिघडत नाही, तुमचा तबलेवाला दोस्त आहे ना त्याला मध्ये बसवा आणि बाकीच्यांना फक्त समेकडं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडं लक्ष ठेवायला सांगा. विलंबित म्हणजे संथ एकताल असेल तर बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, गाणारा मधल्या मात्रांत कुठंही फिरून येतो, वाटतं आता हा चुकणार, आणि मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे बोल, घेऊन बरोबर पहिल्या मात्रेवर उतरतो, त्या क्षणी सगळ्या मांडवाच्या माना एकदम हलतात. दोन-चार आवर्तनं हे पकडलं की चौथ्या-पाचव्याला तुमच्या दोस्तांची मान आपोआप हलेल, कुणी शिकवायला लागत नाही.

अजून एक सांगते, गाणं सुरू व्हायच्या आधीची पाच-दहा मिनिटं चहाला उठू नका. सगळे तेव्हाच उठतात. स्टेजवर तंबोरे जुळत असतात ते बघा आणि ऐका. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो बोटानं केसभर पुढं-मागं सरकवतात, त्याला जव्हारी लावणं म्हणतात, मध्येच खुंटी पिळतात, परत छेडून बघतात. आधी तारा सुट्या सुट्या वाजत असतात आणि मग एका जागी दोरा बसतो आणि सगळ्या मिळून एकच घुमारा उठतो. तो घुमारा कानात भरला की पुढचा षड्ज, म्हणजे सा, लागल्यावर अंगावर काटा येतो. हे मोबाईलवर ऐकून कधीच होत नाही, म्हणूनच मी म्हणते जाऊनच ऐका.

जायचं कसं ते बघा. महोत्सव साधारण बुधवार ते रविवार असतो, तारखा आणि वेळा त्या-त्या वर्षीच्या बघून मग बुकिंग करा. बेळगाव-पुणे रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी रात्रीची स्लीपर धरून पहाटे स्वारगेटला उतरा, हल्ली महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो, स्वारगेटहून जवळ आहे, त्यामुळं लॉजही तिकडंच बघा आणि दुपारपर्यंत सरळ झोपून घ्या. तुळशीबाग, सिंहगड, मिसळ हे सगळं त्याच दिवशी कोंबू नका, दमून मांडवात गेलात की पहिल्याच विलंबितला डोळे मिटणार आणि मग दोघांचं म्हणणं खरं ठरणार. वंदे भारतही आहे पण ती रोज नाही, आठवड्यातून तीनच दिवस, त्यामुळं तुमच्या दिवसाशी जुळते का ते आधी बघा.

तिकीट भारतीय बैठकीचं काढा. खुर्चीपेक्षा स्वस्त पडतं आणि खाली सतरंजीवर बसून ऐकण्यात मजाही जास्त. शाल घ्या, रात्री थंडी वाजते. खायचे स्टॉल आवारातच असतात. फोन सायलेंट, आणि रेकॉर्डिंग करत बसू नका.

रविवारचं माझं स्पष्ट मत, जमत असेल तर चौघांनी सोमवारची रजा टाका. शेवटच्या दिवशी समारोपाला सवाई गंधर्वांच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण लावायची पद्धत आहे, तोवर बसा आणि मग रात्रीची बस धरा. रजा मिळत नसेल तर शनिवार पूर्ण ऐका आणि रविवारी सकाळी निघा. दोन्ही दिवस अर्धे अर्धे ऐकण्यापेक्षा एक दिवस पहिल्या कलाकारापासून शेवटच्यापर्यंत ऐकलेला कधीही चांगला.

प्रश्न: ताई, आम्ही तिघी मैत्रिणी कॉलेजला आहोत, आम्हालाही सवाईला जायचंय पण आई रात्रीच्या बसला सोडायला तयार नाही. घरी कॉलेजची ट्रिप आहे असं सांगावं का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: नको गं. खोटं सांगून गेलीस तर तिथं बसूनही निम्मं लक्ष फोनकडं राहणार. आईची काळजी रात्रीच्या प्रवासाची आहे ना, मग दिवसाच जा. निपाणी हायवेवरच आहे, सकाळची एसटी मिळते, नाहीतर कोल्हापूरहून कोयना एक्स्प्रेस दिवसाची आहे. पुण्यात कुणा नातेवाईकाकडं किंवा लेडीज होस्टेलला राहायची सोय आधी पक्की कर, तिथला पत्ता आणि नंबर आईला लिहून दे, कार्यक्रम संपल्यावर मुक्कामी जायला रिक्षा कुठून घेणार तेही सांग. एवढं सगळं समोर ठेवलंस तर आई ऐकेल असं मला मनापासून वाटतं. आणि तिला गाण्याची आवड असेल तर एक तिकीट तिचंही काढ.

प्रश्न: डिसेंबरात ऊसतोडीचा सीझन, घर सोडता येत नाही. जवळपास काही ऐकायला मिळेल का?
(एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर: मिळेल की, तुम्हाला तर मिरज हाताशी आहे. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेलाच राहिले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, ती सगळ्यांना खुली असते. दिवसा थोडे लवकर जा आणि सतारमेकर गल्लीत चक्कर मारा, वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते तिथं बघायला मिळतं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय मानांकनही मिळालंय. दुसरं म्हणजे कुंदगोळ, हुबळीच्या पुढं. तिथं नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचं गाणं होतं. निघायच्या आधी तारीख तेवढी विचारून घ्या.