आधुनिक पेगन लोक काय मानतात आणि काय करतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, युरोप-अमेरिकेतले आजचे पेगन लोक, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवता आणि निसर्गपूजेपासून प्रेरणा घेणारे लोक, नेमके काय मानतात, त्यांचे विधी कसे असतात, ते सैतानाची उपासना करतात हे खरे आहे का, आणि त्यांना 'तिकडचे हिंदू' म्हणता येईल का. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या पेगन मंडळींच्या, सर्वांना खुल्या असलेल्या विधींना बरीच वर्षे जात आलो आहे. मी स्वतः पेगन नाही; पण या लोकांविषयी मराठीत फार थोडे आणि बहुतेक चुकीचे लिहिले गेले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

'काय मानतात' या प्रश्नापासून सुरुवात केली, तर या धर्माचे चित्र धूसर राहते. 'कधी आणि काय करतात' असे विचारले की ते स्पष्ट होऊ लागते, कारण इथे सर्वांना बंधनकारक असा श्रद्धेचा मसुदा नाही, एक ग्रंथ नाही, एक प्रेषित नाही. विधीसाठी एकाच रिंगणात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला देवता स्वतंत्र, सजीव वाटतात, तर दुसऱ्याला त्या निसर्गशक्तींची किंवा मानवी मनाची रूपे वाटतात. त्यावरून कोणी कोणाला रिंगणाबाहेर काढत नाही. शिवाय 'पेगन' हे एका पंथाचे नाव नसून अनेक पंथांना मिळून वापरले जाणारे नाव आहे. त्यात विक्का हा आधुनिक चेटूक-परंपरेचा पंथ आहे, प्राचीन केल्टिक पुरोहितांपासून प्रेरणा घेणारे ड्रुइड आहेत, ओडिन-थॉर या देवांना भजणारे नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) परंपरेचे लोक आहेत, लिथुआनियातला जुन्या बाल्टिक धर्मावर आधारलेला रोमुवा आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला आणि सुमारे 13,000 लोकांनी वेगळेपणाने 'विक्का' असा लिहिला.

तरीही बहुतेकांना मान्य असलेली काही सूत्रे सांगता येतात. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पावित्र्य या जगाच्या बाहेर कुठे नसून जगातच आहे: मातीत, नदीत, चंद्राच्या कलांत, आपल्या शरीरात. त्यामुळे जन्मजात पाप ही कल्पना इथे नाही आणि त्यापासून सुटका करून देणारा तारणहारही लागत नाही. दुसरे म्हणजे देवत्व अनेक रूपांत आहे आणि त्यात स्त्रीरूपाला पुरुषरूपाइतकेच, काही पंथांत त्याहून अधिक, स्थान आहे. मृत्यूनंतर काय, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. विक्कामधले बरेच जण पुनर्जन्म मानतात, नॉर्स परंपरेतले लोक पूर्वजांच्या स्मरणाला अधिक महत्त्व देतात.

आता विक्काविषयी थोडे विस्ताराने, कारण आजच्या पेगन आचारांचा मोठा भाग तिथून आला आहे. जेराल्ड गार्डनर (1884–1964) हे ब्रिटिश मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. 1939 मध्ये इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला एका गुप्त मंडळाची दीक्षा मिळाली, असे त्यांचे म्हणणे होते. 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांनी या पंथावरचे पुस्तक उघडपणे प्रसिद्ध केले. ख्रिस्तपूर्व काळातला धर्म लपूनछपून टिकून राहिला आणि आपण त्याचे वारस आहोत, ही त्यांची भूमिका मार्गारेट मरे या ब्रिटिश विदुषींच्या 1921 च्या सिद्धांतावर (युरोपातल्या चेटकिणी म्हणजे त्या जुन्या धर्माच्याच अनुयायी) आधारलेली होती. तो सिद्धांत इतिहासकारांनी पुढे पूर्णपणे नाकारला, आणि ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे, हे साधार मांडले. मला विशेष वाटते ते यापुढच्या गोष्टीचे: बहुसंख्य पेगन लोकांनी हे संशोधन स्वीकारले. आमचा धर्म नवा आहे, प्रेरणा जुनी आहे, असे ते आता मोकळेपणाने सांगतात. प्राचीनतेच्या दाव्यावाचूनही श्रद्धा उभी राहू शकते, हे त्यांनी करून दाखवले, आणि याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

विधी कसा असतो, ते फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या इम्बोल्क या सणाच्या आधारे सांगतो. थंडी कडाक्याची असते, झाडे निष्पर्ण असतात, पण जमिनीतून स्नोड्रॉपची पांढरी फुले वर आलेली असतात. लोक गोलाकार उभे राहतात. पुरोहिता काळ्या मुठीची सुरी घेऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत हवेत वर्तुळ आखते. या सुरीने प्रत्यक्षात काहीही कापत नाहीत. मग मीठ घातलेले पाणी शिंपडतात, धूप फिरवतात आणि चार दिशांना आवाहन करतात: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. त्यानंतर ब्रिजिड या देवीचे आवाहन होते आणि एका ज्योतीवरून दुसरी अशा मेणबत्त्या पेटत जातात. वाऱ्याने कोणाची विझली, तर शेजारचा न बोलता आपली पुढे करतो. शेवटी पाव आणि मधापासून केलेले मद्य (न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस) हातोहात फिरते, त्यातला पहिला तुकडा आणि पहिला घोट जमिनीला दिला जातो. मग दिशांचे आभार मानून वर्तुळ उलट क्रमाने सोडतात. एकूण अर्धा-पाऊण तासाचा हा कार्यक्रम, आणि नंतर चहा-बिस्किटांबरोबर गप्पा.

असे वर्षात आठ सण येतात. दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र समान असतात ते) आणि त्यांच्या मधले चार: 31 ऑक्टोबरचा साउइन, फेब्रुवारीतला इम्बोल्क, 1 मेचा बेल्टेन आणि 1 ऑगस्टचा लूनासा. यांतले बरेच सण सुटे सुटे जुने आहेत, पण आठांचे मिळून एक वर्षचक्र 1950 च्या दशकात गार्डनर यांच्या आणि ड्रुइड परंपरेतल्या रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत आकाराला आले. हे चक्र पंचांगातल्या तारखेला नव्हे, तर डोळ्यांसमोरच्या ऋतूला बांधलेले आहे, म्हणून ऑस्ट्रेलियातले पेगन हिवाळी अयनदिनाचा यूल हा सण जूनमध्ये साजरा करतात. याखेरीज विक्काची मंडळे पौर्णिमेला जमतात.

नीतीच्या बाबतीत विक्काचे सूत्र थोडक्यात असे आहे: कोणाला इजा होणार नसेल, तर तुला हवे ते कर. हे ऐकायला सैल वाटते. प्रत्यक्षात पाळायला ते कठीण आहे, कारण 'कोणाला' यात स्वतः आणि निसर्गही येतो. जादू करतात, हे खरे आहे, पण तिचा अर्थ विधीच्या साहाय्याने इच्छा एकाग्र करणे असा घेतात. ती बहुधा आजारातून बरे होणे किंवा मन स्थिर होणे यांसाठी असते, आणि ज्याच्यासाठी करायची त्याची परवानगी घ्यावी, असा अनेक मंडळांचा दंडक आहे.

सैतानाबद्दल स्पष्टच सांगतो: सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना आहे आणि पेगन लोक ती मानतच नाहीत. शिंगे असलेला त्यांचा देव हा अरण्याचा आणि शिकारीचा देव आहे. वर्तुळात काढलेला पाच टोकांचा तारा हे त्यांचे चिन्ह आहे आणि त्यात चार महाभूते आणि पाचवे चैतन्य असा अर्थ ते पाहतात. अमेरिकेत 2007 पासून हे चिन्ह माजी सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर कोरण्यास मान्यता आहे.

विक्काबाहेरचे चित्र बरेच वेगळे आहे. आइसलँडमध्ये शेतकरी-कवी स्वेइनब्योर्न बेइंतेइन्सोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये नॉर्स देवतांना मानणारी आसात्रू संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. त्यांच्या 'ब्लोट' या विधीत पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरते आणि देवांच्या व पूर्वजांच्या नावाने घोट घेतला जातो. या परंपरेला एक काळी बाजूही आहे. काही गट हा धर्म वंशाने गोऱ्या लोकांपुरताच आहे, असे म्हणतात. त्याविरुद्ध 2016 मध्ये अनेक देशांतल्या नॉर्स पेगन संघटनांनी संयुक्त जाहीरनामा काढून अशा एका गटाशी संबंध तोडले. लिथुआनियात योनास त्रिंकूनास आणि त्यांच्या मित्रांनी 1967 मध्ये, म्हणजे सोव्हिएत राजवटीत, केर्नावे इथे उन्हाळी अयनदिनाचा उत्सव पुन्हा सुरू केला. अग्नी हे तिथल्या उपासनेचे केंद्र आहे. तिथल्या संसदेने मान्यता नाकारली तेव्हा 2021 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने रोमुवाच्या बाजूने निकाल दिला.

आता 'तिकडचे हिंदू' या शब्दप्रयोगाकडे येतो. साम्य दिसते आणि ते खोटे नाही: अनेक देवता, अग्नी, ऋतूंचे सण, साउइनला पितरांसाठी मांडलेले पान. रोमुवाच्या लोकांना तर भारताविषयी उघड आत्मीयता आहे. तरीही मला हे नाव योग्य वाटत नाही. आपल्याकडे गुढी उभारायची की नाही, हे कोणी ठरवत बसत नाही. ती घरात आधीपासून असते. तिथे बहुतेक पेगन ख्रिस्ती किंवा निधर्मी घरात वाढलेले असतात, आणि त्यांनी मोठेपणी, अनेकदा नातेवाइकांची नाराजी पत्करून, हा मार्ग निवडलेला असतो. त्यांच्यात जन्माधिष्ठित जात नाही, वंशपरंपरागत पौरोहित्य नाही, आणि अखंड चालत आलेली परंपराही नाही. त्यांना आपल्या छत्राखाली ओढून घेण्यापेक्षा त्यांचे वेगळेपण मान्य करणे मला अधिक न्याय्य वाटते.

ते धर्मप्रसार करत नाहीत. पारंपरिक विक्का मंडळात दीक्षेसाठी 'एक वर्ष आणि एक दिवस' थांबण्याची पद्धत आहे आणि दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. मात्र आज असंख्य लोक कोणत्याही मंडळात न जाता एकट्यानेच उपासना करतात. तुम्ही कधी इंग्लंडला आलात, तर खुल्या विधीला अवश्य जा. फोटो काढण्याआधी विचारा, वर्तुळ आखल्यानंतर मध्येच बाहेर पडायचे झाल्यास खुणेने सांगा म्हणजे कोणीतरी वाट करून देईल, आणि सर्वांत वाटून घेण्यासाठी काहीतरी खाण्याचे बरोबर न्या.