बास्केटबॉल सोडून अ‍ॅक्टिंग करायची म्हणतोय, काय करू?

सांगलीच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावीत, उंची सहा फूट तीन इंच, सतरा वर्षांखालच्या गटात राज्य पातळीवर खेळलाय. आता म्हणतो बास्केटबॉल बास, मला मुंबईला जाऊन अ‍ॅक्टिंगचा तीन महिन्यांचा क्लास करायचाय, फी दीड लाख. बाबा म्हणतात दोन्ही बंद, गुपचूप बारावी कर. आणि मुलगा म्हणतो रिक फॉक्सने नाही का केलं, आधी एनबीए (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) मग हॉलिवूड. ताईंचा प्रश्न एवढाच की दोन्हीपैकी काय थांबवू.

ताई, काहीच थांबवू नका, फक्त मुंबईचा क्लास आत्ता नको. का ते सांगते, आणि हे लेकाला पण वाचायला द्या कारण त्याने ज्याचं नाव घेतलंय त्याचीच गोष्ट मी त्याला नीट सांगणार आहे.

रिक फॉक्सने बास्केटबॉल सोडून अ‍ॅक्टिंग केली असं झालेलंच नाही. तो १९८७ ते १९९१ नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत डीन स्मिथ या मोठ्या कोचच्या हाताखाली खेळला आणि तिथे शिकायला विषय कुठला घेतला तर रेडिओ, टीव्ही आणि सिनेमा! म्हणजे बी तेव्हाच पेरलेलं. १९९१ ला एनबीएतल्या बॉस्टन सेल्टिक्स टीमने त्याला ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २४ व्या नंबरला घेतलं, १९९७ ला तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि २०००, २००१, २००२ अशा सलग तीन चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या टीममधे होता. आणि हे सगळं चालू असतानाच तो छोटी छोटी कामं करत होता. १९९४ चा 'ब्लू चिप्स', १९९८ चा स्पाइक ली यांचा 'ही गॉट गेम', टीव्हीवर 'ऑझ' नावाची तुरुंगातली सिरीयल. यात तो बहुतेक वेळा कोण होता माहितीये? बास्केटबॉल प्लेअरच. 'ऑझ' मधे तर तुरुंगात गेलेला बास्केटबॉल स्टार. २००४ ला खेळ थांबवला तेव्हा त्याच्या गाठीला दहा वर्षांचं कॅमेऱ्यासमोरचं काम होतं, आणि मग २०१६ ला 'ग्रीनलीफ' मधे पत्रकाराचा रोल आला, तिथे बॉल नाही काही नाही. 'ब्लू चिप्स' पासून 'ग्रीनलीफ' पर्यंत यायला त्याला वीसेक वर्षं लागली. लेकाला ही वीस वर्षं दिसत नाहीयेत, त्याला फक्त शेवट दिसतोय.

आता कोणी म्हणेल खेळातूनच अ‍ॅक्टर झालेल्या अमेरिकेच्या चक कॉनर्सचं काय, तो तर पटकन झाला. हा १९४६ ला सेल्टिक्सच्या पहिल्यावहिल्या टीममधे होता, मग बेसबॉलमधे गेला, तिथे वरच्या लीगमधे टिकला नाही, खालच्या लीगच्या टीमकडून खेळायला लॉस एंजेलिसला आला आणि तिथल्या स्टुडिओवाल्यांच्या नजरेत भरला. १९५२ ला पहिला सिनेमा, १९५८ पासून पाच वर्षं 'द रायफलमॅन' सिरीयलचा हीरो. पण बघा ना, तिथेसुद्धा त्याला त्या गावात नेलं ते खेळानेच.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर प्रवीण कुमार सोबती, टीव्हीवरच्या 'महाभारत' मधले भीम. थाळीफेकीत १९६६ आणि १९७० च्या एशियन गेम्सची गोल्ड, दोन ऑलिम्पिक, आणि नोकरी बीएसएफमधे. प्राची तेहलान २०१० च्या कॉमनवेल्थला भारताच्या नेटबॉल टीमची कॅप्टन होती, २०१६ ला सिरीयलमधे आली. खेळ आधी, कॅमेरा नंतर. कारण साधं आहे, उडी मारायची ताकद सतरा ते पंचवीस या वयात मिळते ती परत मिळत नाही, आणि अभिनय तिशीतही सुरू करता येतो.

हां, बाबांचा मुद्दा पण बरोबर आहे. भारतात एनबीएसारखी मोठी लीग नाही, बास्केटबॉलवर घर चालवणारे फार थोडे. पण रेल्वेत खेळाडूंची भरती होते, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमधे खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पुण्यामुंबईच्या कॉलेजांत स्पोर्ट्स कोटा असतो. म्हणून बाबांनी खेळ बंद करायचा विषय कृपया काढू नये, बारावीसोबत रोज दोन तास प्रॅक्टिस होते, मी अशी कितीतरी मुलं बघितलीत.

लेका, आता तुझ्याशी बोलते. तुझ्याकडे आत्ताच असं काही आहे जे क्लासमधे शिकवून येत नाही. शूटिंगला एकच सीन पुन्हा पुन्हा करावा लागतो, दर वेळी हात तिथेच, पाय जमिनीवरच्या खुणेवरच, आणि तरी पहिल्यांदाच घडतंय असं वाटायला हवं. फ्री थ्रो शंभर वेळा मारणाऱ्याला ही सवय असते. कोच ओरडला तरी तोंड न पाडता पुढच्या मिनिटाला बदल करायची सवय पण असते. एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती अवघड आहे. मॅचमधे दुखलं, घाबरलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही हे तुला इतकी वर्षं शिकवलंय, आणि अभिनयात तेच उघडं करायचं असतं. हे मोडायला वेळ लागतो, तीन महिन्यांत नाही होत, म्हणून आत्तापासून सांगलीतच नाटकात घुस. सांगली नाट्यपंढरी आहे रे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला पहिलं नाटक इथेच केलं! एखाद्या हौशी ग्रुपमधे जा, आधी पडदा ओढायचं काम मिळालं तरी कर.

बारावीनंतर स्पोर्ट्स कोट्यातून पुण्यात अ‍ॅडमिशन घ्या असं माझं मत, कारण तिथे कॉलेजच्या टीमकडून खेळता खेळता पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत पण उभं राहता येतं. विद्यापीठाचं नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे, आणि पदवी झाली की एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचा अभिनयाचा कोर्स आहे, त्याला पदवी लागतेच, म्हणून बाबांची बारावी वाया जात नाहीये.

आणि ताई, कोणी रोल देतो म्हणून पैसे मागितले, फोटोशूटचे, रजिस्ट्रेशनचे, कशाचेही, तर फोन ठेवून द्या. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत.

दीड लाख बँकेतच राहू देत, पुण्यातल्या हॉस्टेलला लागतील. दिवाळीच्या सुट्टीत त्याला एखादा नाटकातला उतारा पाठ करून मोबाईलवर शूट करायला सांगा, एकाच उताऱ्याचे तीन टेक, आणि तिन्ही मला पाठवा.